लेलँड क्रूगरच्या थर्मासमधला गिअर

हेल्मर ट्रॅक्टर क्लबच्या सभासदांनो, आणि ज्यांच्या शेडमध्ये एखादा ‘हेल्मर आठ’ ट्रॅक्टर ताडपत्रीखाली उभा आहे अशा सगळ्यांनो,

तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. आपले ट्रॅक्टर मागे जात नाहीत. दर जुलैत जत्रेच्या मिरवणुकीत आपण ऐटीत मेन स्ट्रीटच्या टोकापर्यंत जातो. तिथे सत्तर-पंचाहत्तर वर्षांची माणसे सीटवरून उतरतात, बॉनेटला खांदा लावतात आणि यंत्र ढकलत मागे घेतात. कडेला उभे असलेले लोक आइस्क्रीम खात हसतात. रिव्हर्सचा गिअर झिजलेला आहे आणि नवा गिअर पृथ्वीच्या पाठीवर कुठेच मिळत नाही. का मिळत नाही, याचे उत्तर मी तुम्हाला तेहेतीस वर्षे देत आलो: कंपनीने आपल्याला लुटले आणि जाताजाता सुटे भागही भंगारात घातले. हे उत्तर मी युनियनच्या हॉलमध्ये दिले, चर्चच्या तळघरात दिले, जत्रेच्या मांडवात दिले. तुम्ही प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या.

ते उत्तर खोटे आहे. खरे उत्तर सातव्या कलमात लिहिले आहे. मृत्युपत्राला क्रम असतो आणि मी नियमावलीवर जगलेला माणूस आहे, म्हणून क्रमाने जातो. निदान तसे कारण देतो. खरे कारण हे की सातव्या कलमाशी पोचायला मला उशीर होईल तितका बरा वाटतो.

कलम १. मी, हॅल्वर एमिल ब्रेक्के, वय वर्षे शहात्तर, राहणार सहावा रस्ता, टोलेफ्सन, विस्कॉन्सिन, पूर्वी हेल्मर वर्क्समध्ये जुळणी कामगार आणि तिथल्या युनियनचा अकरा वर्षे अध्यक्ष, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय नाही. त्यातली एक झडप झिजली आहे. मी डॉक्टरांना विचारले, नवी मिळते का? ते म्हणाले, "मिळते हो, ब्रेक्के. पण ती बसवायला तुम्हाला उघडलं, तर परत बंद करता येईल असं वाटत नाही." हे मला समजले. गंजलेल्या गिअरबॉक्सबद्दल मी लोकांना हेच सांगत आलो आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. कोणी आणला असता तर कदाचित हे फार पूर्वीच लिहून झाले असते. याआधी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे, आणि याआधी या विषयावर केलेली माझी सर्व भाषणे, मी याद्वारे रद्द करतो.

कलम २. घर आणि घराखालची जमीन माझी एकुलती मुलगी जोलीन हिला. ती ॲरिझोनाच्या वाळवंटात राहते, तिला बर्फाचा कंटाळा आहे, ती घर विकणार आहे. खुशाल विकावे. मागच्या आठवड्यात ती फोनवर म्हणाली, "पप्पा, शेडमधल्या त्या भंगाराचं काय करायचं?"

मी म्हणालो, "ते भंगार नाही."

"बरं. मग शेडमधल्या त्या 'भंगार नाही'चं काय करायचं?"

जीभ तिने माझी घेतली आणि समज आईची, हे तिचे नशीब. तळघराच्या जिन्याची तिसरी पायरी हलते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. फसवून काही विकू नये.

कलम ३. बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी व्हावा आणि उरेल ते जोलीनला. चर्चच्या बायकांनी नेहमीप्रमाणे हॅमचे सँडविच आणि बटाट्याची कोशिंबीर करावी. कॉफी पातळ करू नये. आल्फ सॉलमच्या अंत्यविधीला कपाचा तळ दिसत होता, हे मी विसरलेलो नाही. माझ्यासाठी कोणीही भाषण करू नये. माझ्या वाट्याची भाषणे मीच संपवली आहेत, इतरांच्या वाट्याचीही.

कलम ४. पुस्तके गावच्या ग्रंथालयाला. साडेचारशेच्या वर आहेत: साम्राज्ये कशी बुडाली, क्रांत्या कशा फसल्या, कामगारांनी कुठे मार खाल्ला आणि कुठे दिला. मी शाळा दहावीत सोडली, पण वाचायचे सोडले नाही. समासात पेन्सिलीने शेरे आहेत. परवा ते सगळे चाळून पाहिले. चाळीस वर्षांचे शेरे, आणि त्यातला प्रत्येक दुसऱ्या कोणाच्या तरी चुकीवर. ग्रंथपालबाईंना वेळ असेल तर ते खोडून टाकावेत.

कलम ५. हत्यारे क्लबला. पाने, पकडी, गिअर ओढून काढायचा पुलर, आणि माझा मायक्रोमीटर सोडून सर्व काही. मायक्रोमीटरबद्दल पुढे लिहितो. कॉफीच्या डब्यांत नटबोल्ट आहेत. प्रत्येक डब्यावर काय कुठे बसते ते लिहिले आहे. तुम्हीही आपापल्या डब्यांवर लिहा. आपण गेल्यावर आपल्या बायकामुलांना एका लोखंडातला आणि दुसऱ्यातला फरक कळत नाही. तो कळावा म्हणून आपण जिवंतपणी काही केलेले नसते.

वेन्डेल प्रॉक याला, त्याने २०१३ सालच्या सुट्या भागांच्या बाजारात "अस्सल हेल्मरचा, देवाशप्पथ" म्हणून मला विकलेला गिअर परत द्यावा. तो गवत कापायच्या कुठल्याशा यंत्राचा आहे. त्यावर रिबीन बांधावी. वेन्डेलने तेव्हा मला विचारले होते, "घरी नेऊन लावून तरी बघितलास का?" वेन्डेल, लावून बघितला. आता तू लावून बघ, आणि कुठे लावायचा ते मी चर्चच्या माणसांपुढे वाचल्या जाणाऱ्या कागदात लिहीत नाही.

कलम ६. आता ट्रॅक्टर.

माझा हेल्मर आठ १९६६ सालचा आहे. त्याची मागची चाके मीच बसवली होती, तेवीस वर्षांचा असताना. पुढच्या वर्षी कामगारांच्या सवलतीत तोच घरी आणला. माझ्या बायकोने, व्हर्नाने, त्यावर बटाट्याची बाग नांगरली, आणि हिवाळ्यात पुढे पाते लावून सगळ्या गल्लीतला बर्फ काढला. बर्फ काढताना पुढे-मागे, पुढे-मागे करावे लागते. थंडीत हात गारठलेले असतात, माणूस घाई करतो आणि ट्रॅक्टर पुरता थांबायच्या आत रिव्हर्स टाकतो. तिथेच तो गिअर मरतो. हेल्मर आठमध्ये बाकी सारे बैलासारखे दणकट आहे. हा एक गिअर मुठीएवढा, सतरा दात्यांचा, आणि सगळ्यांचा तोच जातो.

आमचा १९९१ साली गेला. तेव्हापासून व्हर्ना म्हणायची, "हॅल्वर, कंपनीने हा ट्रॅक्टर तुझ्यावर बेतलाय. पुढेच जातो. चुकीच्या दाराशी पोचला तरी पुढेच."

ती २००८ साली गेली. मी त्या वसंतात ट्रॅक्टर सुटा केला, शेवटच्या बोल्टापर्यंत. म्हटले, आता हा नवा करायचा. कार्ब्युरेटर नेब्रास्कातून आणला. स्टीअरिंगचे चाक कॅनडातल्या एका विधवेने पाठवले, सोबत चिठ्ठी: "त्यांनी हे कुणाला देऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, पण आता ते कुठे बघतायत." बॉनेट एका कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून सापडले. कोंबड्यांचा मालक म्हणाला, "बॉनेट घे, पण त्यांना दुसरं छप्पर घालून दे." मी घालून दिले. मोहरीसारखा पिवळा रंग तीन वेळा खरवडून चौथ्यांदा जमला. इंजिन दोरीच्या पहिल्या झटक्याला सुरू होते. अकरा वर्षांत सगळे मिळाले, तो गिअर मिळाला नाही.

करून घेतला नाही असे नाही. मॅडिसनच्या एका कारागिराला मी माझा जुना गिअर नमुना म्हणून दिला. त्याने हुबेहूब केला. पहिल्या दिवशी तीन दाते उडाले. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही झिजलेलं चाक दिलंत, मी झिजलेलं चाक केलं. कोरा नमुना आणा, हवे तेवढे करून देतो." आपल्या क्लबात एकसष्ट ट्रॅक्टर आहेत. दोन-तीन अजून रडतखडत मागे जातात, पण त्यांचेही दाते गेलेले. कोरा नमुना कोणाकडेच नाही, असे मी धरून चाललो होतो.

कलम ७. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

१९८२ सालच्या वसंतात आपण संपावर गेलो. मागणी रास्त होती. तीस-तीस वर्षे भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसांना त्यांचे पेन्शन हवे होते. ती मागणी आजही रास्त आहे आणि तिच्यातला एकही शब्द मी परत घेत नाही. सप्टेंबरात कंपनीने दिवाळे जाहीर केले. साहेबमंडळी दक्षिणेत निघून गेली. गिअरांचे नकाशे त्यांनी सोबत नेले, ते पुढे कुठे हरवले कोणालाच ठाऊक नाही. मागे राहिले सुटे भाग: चाळीस लाकडी पेट्या, कोठारातून काढून अंगणात रचलेल्या. कारण त्या विकल्या गेल्या होत्या. मिनेसोटाचा एक व्यापारी त्या घेणार होता. त्याचा धंदाच सुट्या भागांचा. त्याने त्या कोरड्या जागी ठेवल्या असत्या आणि आपल्यालाच वर्षानुवर्षे विकल्या असत्या.

त्याचे ट्रक तीनदा आले. तिन्ही वेळा मी गेटवर आडवा उभा राहिलो, तुम्ही माझ्या मागे. मी भोंग्यातून ओरडलो, "आमचं पेन्शन येईपर्यंत एक बोल्टसुद्धा या गेटातून जाणार नाही!" काय आवाज होता माझा तेव्हा. नदीपलीकडे ऐकू जात असे. ट्रक परत गेले. चौथ्यांदा आले नाहीत. पेट्या अंगणात राहिल्या, चार पावसाळी वसंत आणि चार हिवाळे. १९८६ साली लोहचुंबकाची क्रेन आली तेव्हा पेट्यांचे लाकूड कुजून गेले होते आणि आतला माल एकमेकांना चिकटून एकेक ढेकूळ झाला होता. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून पाहत होतो. मग हॉलमध्ये गेलो आणि तुम्हाला सांगितले की कंपनीने आपले सुटे भाग भंगारात घातले.

पेन्शन तर आलेच नाही.

आता लेलँड क्रूगर. नव्या लोकांना तो माहीत नाही, आणि जुने लोक त्याचे नाव काढत नाहीत, याला कारण मी. लेलँड सुट्या भागांच्या कोठाराचा प्रमुख होता. माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभा होता तो लेलँड. मला मायक्रोमीटर धरायला त्याने शिकवले आणि मी शिकलो तेव्हा स्वतःचा मला देऊन टाकला. १९८२ सालच्या नोव्हेंबरात एका सकाळी तो माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "हॅल्वर, पेट्या अडव, पण प्रत्येक मालाचा एकेक नग मला बाहेर काढू दे. नकाशे गेलेत. दाते गंजले की नमुनाही गेला. मग हे यंत्र कुणालाच परत करता येणार नाही."

मी म्हणालो, "एकाला सोडलं तर सगळे सुटतील."

तो म्हणाला, "अरे, मी चोरायला चाललोय का? तुझ्याच ट्रॅक्टरसाठी मागतोय."

मी म्हणालो, "संपात माझं-तुझं नसतं."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडले होते.

दोन दिवसांनी तो कुंपणाच्या फटीतून आत गेला आणि दुपारी जेवणाचा लोखंडी डबा हातात घेऊन गेटातून सरळ, उजळ माथ्याने बाहेर आला. गेटवर आपण दोनशे जण होतो. मी त्याला थांबवले. डबा उघडला. पावाखाली दोन गिअर होते, तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलेले. रिव्हर्सचे. मी ते हातात धरून वर उचलले आणि भोंग्यातून म्हणालो, "बघा! तुमची बायकापोरं उपाशी बसलीत, आणि हा मालकाचं लोखंड डब्यात घालून घरी नेतोय! याला चोर म्हणायचं की संपफोड्या, तुम्हीच ठरवा!" तुम्ही दोन्ही म्हणालात. मी ते दोन गिअर कुंपणावरून आत भिरकावले. ते चिखलात पडल्याचा आवाज आला नाही. टाळ्यांचा आवाज फार होता.

लेलँडने माझ्या हातातून डबा घेतला. डबा बंद केला आणि चालत गेला.

तो चोर नव्हता आणि संपफोड्या नव्हता. त्याने एक दिवसही कामावर हजेरी लावली नव्हती, मला हे पक्के ठाऊक होते. दोनशे माणसांत हे ठाऊक असलेला मीच एक होतो, आणि भोंगा माझ्याच हातात होता.

त्या शरदात चर्चच्या जेवणाला लेलँडच्या बायकोने, अर्डिसने, सफरचंदाचा केक आणला. टेबलावर अकरा केक होते. दहा संपले. तिच्या केकाला कोणी सुरी लावली नाही. व्हर्ना सुरी घेऊन उठली, तेव्हा मी तिचे मनगट धरले. जोरात नाही. धरले एवढेच. व्हर्ना बसली. अर्डिसने अख्खा केक परत फडक्यात बांधला आणि घरी नेला. ती त्यानंतर सत्तावीस वर्षे जगली आणि आपल्या चर्चमध्ये पुन्हा आली नाही. आठ मैल दूरच्या चर्चमध्ये जात राहिली. घरी आल्यावर व्हर्ना मला फक्त एवढेच म्हणाली, "तू भोंगा घरी पण आणतोस."

या जुलैत क्लबच्या सचिव मार्डेल लुंड माझ्याकडे आल्या. "हॅल्वर, बसा. लेलँडकडे एक कोरा गिअर आहे. रिव्हर्सचा. मी डोळ्यांनी पाहिला."

"शक्य नाही. दोन होते. दोन्ही मी फेकले."

"तुम्ही डबा उघडलात," मार्डेल म्हणाल्या. "सुपाचा थर्मास उघडला नव्हतात."

रुंद तोंडाचा तो थर्मास मला आठवला. डब्याशेजारी बगलेत धरला होता त्याने.

सप्टेंबरात मी लेलँडच्या दारी गेलो. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. तो एक्याऐंशीचा झाला आहे, फुप्फुसे गेली आहेत, नाकात नळी असते. थर्मास स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. त्याने तो दारात आणला आणि झाकण काढून मला आत पाहू दिले. सतरा दाते, एकाच्याही कडेला ओरखडा नाही, तेलात चमकत होते. मी बोट लावायला हात पुढे केला तर त्याने झाकण लावले.

"वाटाण्याचं सूप होतं त्या दिवशी," तो म्हणाला. "तळाशी गिअर, वर सूप. अजून वास येतो. अर्डिस हसायची, म्हणायची, तुझ्या ट्रॅक्टरला भूक लागली की हुंगायला देऊ."

मी म्हणालो, "लेलँड, त्या दिवशी गेटवर मी जे..."

"थांब. पायरीवर उभं राहून नको, हॅल्वर. दोनशे माणसांसमोर बोललास ना? तसंच माणसांसमोर बोल. दोन वाक्यं पुरेत. मी ऐकायला येईन. मग गिअर तुझा, क्लबचा, कुणाचाही. आणि भोंगा नको, मला ऐकू येतं अजून."

ऑक्टोबरच्या सभेला तो आला. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, मागच्या रांगेत, मांडीवर थर्मास धरून. तुमच्यातले कित्येक त्याच्याकडे मान वळवून पाहत होते. मी बोलायला उभा राहिलो. मी चाळीस मिनिटे बोललो. कंपनीवर बोललो, मालकांवर बोललो, कामगारांच्या इतिहासावर बोललो, प्राचीन रोमपर्यंत गेलो. प्रत्येक वाक्य त्या दोन वाक्यांच्या जवळ जायचे आणि वळसा घालून पुढे निघून जायचे. तुम्ही टाळ्या वाजवल्या. लेलँड उठला, कोटाची बटणे लावली आणि थर्मास घेऊन गेला. दारात त्याच्या ऑक्सिजनचे नळकांडे अडकले, ते त्याने स्वतःच सोडवले. मी पाहत उभा होतो.

दुसऱ्या आठवड्यात त्याने आपल्या मुलीला, डार्लाला, सांगितले की शेड रिकामी कर. भंगारवाला मंगळवारी, बारा नोव्हेंबरला येणार आहे. मी डार्लाला फोन केला. ती म्हणाली, "बाबा म्हणतात सगळं जाऊ दे. ट्रॅक्टर, डबे, तो थर्मास, सगळं."

"थर्मासमध्ये काय आहे, माहितीये तुला?"

"माहितीये. मी याच गावात वाढले, मिस्टर ब्रेक्के. शाळेत मला कोणत्या नावाने हाक मारायचे, ते तुम्हाला माहितीये?"

मला माहीत होते.

कलम ८. माझा हेल्मर आठ, त्याच्यासोबत चावी, पाते, नांगर, आणि माझा मायक्रोमीटर, जो मुळात त्याचाच आहे, लेलँड ऑगस्ट क्रूगर यास. विनाअट. त्याच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला तडा गेला आहे, माझे इंजिन चांगले आहे. आपल्या क्लबच्या पत्रकात मागच्या पानावर सहा वर्षे दोन जाहिराती शेजारीशेजारी येत होत्या: "हवा आहे, हेल्मर आठचा रिव्हर्स गिअर. ब्रेक्के." "हवे आहे, हेल्मर आठचे इंजिन, तडा नसलेले. क्रूगर." मार्डेलने त्या मुद्दाम शेजारी लावल्या होत्या. आम्ही दोघांनी प्रत्येक महिन्याला त्या वाचल्या आणि पान उलटले.

लेलँडने तो ट्रॅक्टर चालवावा, विकावा, किंवा मंगळवारच्या गाडीत चढवावा. एक ट्रॅक्टर मागे गेला म्हणून गाव परत येणार नाही. कारखान्याच्या जागी आता गवत आहे. अर्डिसला तो केक कोणी कापून देणार नाही. डार्लाला तिचे शाळेतले दिवस कोणी परत देणार नाही. व्हर्नाचे मनगट मी धरले ते धरले. या कागदाने काही दुरुस्त होईल अशी मला आशा नाही, आणि मी आशेची भाषणे देऊन पुष्कळ नुकसान केले आहे, म्हणून इथे देत नाही.

कलम ९. मृत्युपत्र मरणानंतर अंमलात येते. पण लेलँड माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा आहे, आणि मंगळवार जवळ आला आहे. म्हणून मी निश्चित करतो की कलम सात, आठ आणि नऊ ही माझ्या मरणाची वाट न पाहता, या गुरुवारी, सात नोव्हेंबरच्या सभेत मार्डेल लुंड यांनी मोठ्याने वाचावीत. मी तिथे पहिल्या रांगेत बसलेला असेन. मला बोलू देऊ नये. कोणी विचारेल, जिवंत आहेस तर दोन वाक्ये स्वतः का बोलत नाहीस? भित्रेपणा. त्याला दुसरा शब्द मी खूप शोधला. साडेचारशे पुस्तकांत नाही.

आणि आता तुम्हाला, सभासदांनो. १९८२ साली त्या गेटवर तुम्ही माझ्या मागे उभे होता. जे गेले त्यांच्या जागी त्यांची मुले आज क्लबात आहेत. मी तुमच्याकडे पुष्कळ काही मागितले आणि तुम्ही दिले. आता एवढे एक करा. या शनिवारी, नऊ नोव्हेंबरला, सकाळी आठ वाजता लेलँडच्या अंगणात या. माझा ट्रॅक्टर ट्रेलरवर घालून आणा. टोप्या काढून उभे राहा, दोनशे जमले नाहीत तरी चालेल. मी पुढे उभा राहून ती दोन वाक्ये म्हणेन: लेलँड क्रूगर चोर नव्हता आणि संपफोड्या नव्हता. आपले सुटे भाग मी बुडवले. माझा आवाज फुटला नाही, तर तुम्ही सगळ्यांनी मिळून म्हणा. टाळ्या वाजवू नका. ट्रॅक्टर उतरवा आणि घरी जा.

गिअर मागू नका.

ठिकाण: टोलेफ्सन, विस्कॉन्सिन
दिनांक: मंगळवार, ५ नोव्हेंबर २०१९

(सही) हॅल्वर एमिल ब्रेक्के

वरील लिहून देणाऱ्यांनी हा कागद आम्हा दोघांसमक्ष, मार्डेल लुंड यांच्या स्वयंपाकघरात, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्वतः मोठ्याने वाचला. सातव्या कलमात ते दोनदा थांबले. पाणी देऊ केले, ते घेतले नाही. त्यानंतर त्यांनी सही केली, आणि त्यांच्यादेखत व एकमेकांच्यादेखत आम्ही केली. या कागदान्वये आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

साक्षीदार:
(सही) मार्डेल लुंड, सचिव, हेल्मर ट्रॅक्टर क्लब
(सही) कर्टिस व्हँग, टपाल वाटप, टोलेफ्सन. माझे वडील त्या दिवशी गेटवर होते. मी शनिवारी येतो आहे.